गोळीला कंबर कशी सापडते

मित्याना,
रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप यूनिया आत्यांना,

लोसिराचा गुडघे टेकून नमस्कार. (टेकले ते मनातल्या मनात. प्रत्यक्ष टेकायला सध्या डॉक्टरांची मनाई आहे, आणि ती का, हे सांगायलाच हा कागद घेतला आहे.) तुमचा दमा कसा आहे? बेटावर या दिवसांत गार वारा फार सुटतो, तेव्हा अंगणात बसून मासे निवडत जाऊ नका, आत बसून निवडा. डावा गुडघा अजून कुरकुरतो का? केळीचे घड कोण उतरवून देतं? आम्ही दिलेला फोन अजून साखरेच्या डब्याशेजारी कापडात गुंडाळून ठेवला आहे असं कळलं. त्यात माझा आवाज तुम्हाला बादलीत पडलेल्या बेडकासारखा ऐकू येतो, म्हणून लिहिणंच बरं. पत्र तुम्ही धर्मशिक्षकांकडून मोठ्याने वाचून घेता हे मला ठाऊक आहे. त्यांनाही नमस्कार. मध्ये एका ठिकाणी त्यांना थांबायला सांगितलं आहे, तिथे त्यांनी कृपा करून थांबावं.

किसाक्येच्या क्वांजुलाला, मागणीच्या कार्याला, तुमची वाट पाहिली. सरोवर खवळलं आणि बोट सुटली नाही, हे दुपारी समजलं, तोवर मांडवात दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून चुकली होती. मुलाकडच्यांनी मागणी घालायची, आपण ओळख दाखवायची की नाही याचा घोळ घालायचा आणि मुलीच्या आत्याने नवरामुलगा ओळखून त्याच्या कोटाला फूल लावायचं. तुम्ही आला नाहीत म्हटल्यावर आत्येपणाचा सगळा भार माझ्या एकटीवर आला. त्या दिवशी काय झालं याच्या दोन बातम्या एव्हाना बेटावर पोचल्या असतील. एक, लोसिरा भेटवस्तूंसाठी हटून बसली. दुसरी, लोसिराला अर्धांगाचा झटका आला. दोन्ही खोट्या आहेत. खरी बातमी अशी.

समारंभाआधी कित्येक दिवस मी मशीनवर वाकून घरातल्या यच्चयावत बायकांच्या समारंभात घालायच्या गोमेसी शिवत होते. (वहिनीने खांद्यांची टोकं दोनदा उसवायला लावली. टोकं तिला गवर्नरच्या बायकोसारखी हवी होती, खांदे मात्र तिचे तिचेच होते.) सकाळी केळ्यांचं पातेलं चुलीवरून उतरवताना कमरेत बारीकशी कळ आली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण त्या दिवशी दुर्लक्ष करण्याजोगं बरंच काही होतं. मग मांडवात मुलाकडच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार करायला मी गुडघ्यांवर बसले, ख्यालीखुशाली विचारली, आणि उठायला गेले तर उठताच येईना. कमरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू असे आवळले, की जणू कोणी ओली चादर पिळून तशीच धरून ठेवली आहे. पुढे होता येईना, मागे होता येईना, श्वाससुद्धा वरच्यावर घ्यावा लागत होता. बोलायला तोंड उघडलं असतं तर किंकाळी निघाली असती, आणि भाचीच्या क्वांजुलात आत्याने किंचाळलेलं बरं दिसत नाही. म्हणून दात आवळून, नजर चटईवर ठेवून मी बसून राहिले.

आता आपल्या बाजूने बोलणारा कोण, तर लुटाया. तुम्हाला तो ठाऊक आहे, शांत बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. त्याने जाहीर केलं, की आमच्या आत्याबाई अजून प्रसन्न झालेल्या नाहीत. मुलाकडून एक गोमेसीचं कापड आलं. मी हलले नाही. साखरेची टोपली आली. मी हलले नाही. पाय बांधलेली कोंबडी आली, ती माझ्या शेजारी ठेवली, तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, दोघींची अवस्था सारखीच होती. लुटायाला चेव चढत होता. भाऊ येरेमिया आधी हसत होता, मग त्याचं हसणं आटलं, कारण समोरच्या बाजूला कुजबूज सुरू झाली होती. मुलाची आजी टोपल्यांकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली आणि दोन बायका उठून टोपल्या गोळा करू लागल्या. नवरामुलगा मुलोंदो याचा चेहरा उतरला. किसाक्ये आत खोलीत दाराला कान लावून बसली होती, ती रडू लागल्याचं मला मांडवात ऐकू येत होतं. आत्या, माझ्या कमरेपायी पोरीचं लग्न मोडायला आलं होतं आणि मला ‘थांबा’ एवढं म्हणता येत नव्हतं.

मुलाकडून बोलणारे होते श्री. सेब्बोवा. विधुर आहेत, आयुष्यभर मोंबासाच्या रस्त्यावर ट्रक चालवला, आता लोकांच्या समारंभांत बोलतात. ते आपल्या जागेवरून उठले, मांडवाच्या मधोमध आले आणि सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. पुरुषमाणूस, तेही मुलाकडचा. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून त्यांनी हळूच विचारलं, “बाई, हे रागाचं आहे की कमरेचं?”

मी आवळलेल्या दातांतूनच पुटपुटले, “कमरेचं.”

ते तिथूनच मोठ्याने म्हणाले, की मंडळी, आत्याबाईंचं मन केव्हाच वळलं आहे, फक्त कंबर वळत नाही. सगळा मांडव हसला. टोपल्या गोळा करणाऱ्या बायकाही टोपल्या खाली ठेवून हसल्या. मग चौघांनी मला चटईसकट उचललं, गुडघ्यांवर बसलेल्या स्थितीतच, आणि ज्या उघड्या गाडीतून मुलाकडच्यांनी फ्रिज आणला होता तिच्यात ठेवलं. मुलोंदोला गाडीपाशी आणलं. मी वरून त्याच्या कोटाला फूल लावलं. (ते उलटं लागलं असं नंतर फोटोत दिसलं. आम्ही कोणी त्याबद्दल बोलत नाही.) किसाक्येचं कार्य पार पडलं, लग्नाची तारीखही ठरली, ही मुख्य बातमी. मला दवाखान्यात नेलं, ही गौण बातमी, पण पत्र तिच्यासाठी आहे.

तिथे डॉक्टर अनेना म्हणून एक तरुण बाई आहेत, उत्तरेकडच्या, आपली लुगांडा बोलतात ती दगडावर पाय देत ओढा ओलांडल्यासारखी. त्यांनी आधी तपासण्यापेक्षा विचारणंच जास्त केलं. पडलात का, ताप आहे का, पाय बधिर वाटतात का, लघवी-परसाकडं आपसूक होतं का. सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. पायाची बोटं माझ्याकडून वरखाली करवून घेतली, गुडघ्यावर छोट्या हातोडीने टकटक केलं. म्हणाल्या, हाड मोडलेलं नाही, फोटो काढायची गरज नाही, स्नायू आखडला आहे. आणि गोळ्या दिल्या. मी विचारलं, ही गोळी कमरेची का? त्या म्हणाल्या, हो, तशीच म्हणा. मग मला राहवेना. (तुम्हीच म्हणायचात, या पोरीला उत्तर दिलं की तिला दोन प्रश्न होतात.) मी विचारलं, पोटात गेलेल्या गोळीला माझी कंबर कशी सापडते? अंधार, इतके फाटे, मान आहे, गुडघे आहेत, ती नेमकी कमरेलाच कशी जाते?

डॉक्टर म्हणाल्या, “सापडत नाही. ती कंबर शोधतच नाही.”

हे ऐकून मी उशीवरून डोकं उचललं आणि लगेच खाली टेकलं. बाहेर माणसं ताटकळली होती, पण बाईंनी खुर्ची ओढली. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. स्नायूला स्वतःची अक्कल नसते. आवळ म्हटलं की आवळतो, सोड म्हटलं की सोडतो. हुकूम येतो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून आणि त्याच्याही वर मेंदूतून. कमरेला इजा झाली की दुखण्याची वर्दी कण्यात जाते, तिथून हुकूम सुटतो, की जागा आवळून धरा, हलू देऊ नका. हेतू चांगला, इजा वाढू नये हा. पण फार वेळ आवळलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो, त्या दुखण्याची वर्दी पुन्हा वर, पुन्हा हुकूम, आणखी आवळा. असं ते गोल गोल फिरत राहतं. ही गोळी रक्तातून डोक्यात आणि कण्यात जाते आणि तिथली ही धावपळ मंद करते. स्नायूला ती हातही लावत नाही. हुकूमच दबक्या आवाजात आला की स्नायू आपोआप ढिला पडतो.

मी विचारलं, मग सरळ स्नायूलाच ढिलं करणारं औषध का देत नाही? बाई म्हणाल्या, तसंही आहे, पण ते ऑपरेशनच्या खोलीत वापरतात. ते नस आणि स्नायू यांच्यातला सांधाच बंद करतं, मग सगळे स्नायू सुटतात, श्वासाचेसुद्धा, आणि माणसाचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. “तुम्हाला इतकं ढिलं व्हायचंय का?” मी नको म्हटलं.

आणि आत्या, मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. मी विचारलं, कण्यातली नेमकी कुठली बडबड ही गोळी थांबवते? बाई म्हणाल्या, की याचं पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही. काही गोळ्यांचं बऱ्यापैकी कळलं आहे, या गोळीचं थोडंफार. कण्याची बडबड कमी होण्याने किती गुण येतो आणि माणूस सुस्तावून निवांत पडतो त्याने किती, हे अजून कोणी नीट वेगळं काढलेलं नाही. इतकी शिकलेली बाई ‘माहीत नाही’ म्हणाली आणि मला तिच्याबद्दल विश्वास वाटला. आपला लुटाया हे दोन शब्द न उच्चारताच म्हातारा होणार आहे.

नियम त्यांनी बोटांवर मोजून दिले. थोडेच दिवस घ्यायची, ही रोजची सवय नव्हे. त्यात दुखण्या-तापाची साधी गोळी आधीच मिसळलेली असते, म्हणून वरून आणखी तापाची गोळी घ्यायची नाही. केळ्याची दारू अजिबात नाही, कारण दारूही तिथेच जाऊन तेच मंद करते आणि दोघी मिळून माणसाला उठू देत नाहीत. गाडी किंवा यंत्र चालवायचं नाही. पडून राहायचं नाही, सोसवेल तेवढं चालायचं, गरम पाण्याने शेकायचं. गोळी बरं करत नाही, बरं होईपर्यंतचा वेळ सुसह्य करते, बरी कंबर आपली आपण होते.

(आता धर्मशिक्षकांनी थांबावं आणि आत्यांनी चष्मा लावून हा कंस स्वतः वाचावा. दुसऱ्या दिवशी मला लघवी नारिंगी झाली. अगदी फँटासारखी. मी मृत्युपत्राचा विचार करून मशीन कोणाला द्यायचं इथपर्यंत आले होते. डॉक्टर म्हणाल्या, या गोळीने होतं तसं, घाबरू नका, पण डोळे पिवळे दिसले किंवा पोट मळमळत राहिलं तर त्याच दिवशी या, कारण मग ते यकृताचं असतं. डोळे पांढरेच आहेत. आता धर्मशिक्षकांना बोलवा.)

मला मात्र एकच ध्यास लागला, की ही गोळी काम सुरू करते तो क्षण पकडायचा. जेवल्यावर गोळी घ्यायची आणि ओसरीवर खुर्चीत ताठ बसून लक्ष ठेवायचं. आधी तोंड कोरडं पडायचं. मग समोरचं फणसाचं झाड जरा लांब गेल्यासारखं वाटायचं. मग, आत्ता, आत्ता कळेल, असं म्हणता म्हणता मी थेट संध्याकाळी जागी व्हायची, मानेला रग लागलेली. रोज हेच. शेवटी वहिनीला पहाऱ्यावर बसवलं. तिने सांगितलं, की तू डोळे मिटून स्पष्ट आवाजात म्हणालीस, ‘बाही डावी आहे,’ आणि घोरू लागलीस. शास्त्राची प्रगती एवढीच झाली.

बाहीवरून आठवलं. यंत्र चालवू नका म्हटलं तर माझं म्हणणं असं पडलं, की शिवणयंत्र पायाचं आहे, त्याला ना पेट्रोल लागतं ना वीज, ते यंत्रात मोडत नाही. म्हणून दुपारी गोळीवर असतानाच पाद्रीबाईंची गोमेसी पुरी केली. खांद्याची दोन्ही टोकं आतल्या बाजूला गेली आणि कमरपट्टा मी स्वतःच्या झग्याला शिवला. उभी राहिले तर पाद्रीबाईंची गोमेसी माझ्यामागून चालू लागली. ते यंत्रातच मोडतं, हे मी आता मान्य करते.

शेजारचे म्हातारे, ज्यांचा अर्धांगानंतर एक हात छातीशी आवळलेला राहिला आहे, तेही अशाच जातीची पण वेगळी गोळी घेतात. त्यांची सुचवणी अशी, की दोन्ही गोळ्या कण्यातच जातात, तर एक आठवडा अदलाबदल करून पाहू. मला कल्पना बरी वाटली (त्या दिवसांत मला सगळ्याच कल्पना बऱ्या वाटत होत्या). सुदैवाने आधी डॉक्टरांना विचारलं. त्या पहिल्यांदाच रागावल्या. म्हाताऱ्यांची गोळी मेंदूला इजा झाल्यानंतरच्या आवळण्यासाठी आहे, ती ते कायम घेतात, आणि एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. गोळी गोळीच्या नात्यातली आहे म्हणून कोणाचीही कोणी घ्यायची नसते. म्हातारे हिरमुसले. मी त्यांना समारंभातली साखर दिली.

एक परिणाम मात्र कोणी सांगितला नव्हता. तुम्ही मला ओळखता, शिलाईत मी सख्ख्या भावाला सूट देत नाही. पण त्या दिवसांत जो येईल त्याला मी ‘बरं’ म्हणत होते. गायकवृंदाचे सगळे झगे फुकट शिवीन, बरं. नाताळच्या नाटकात उंट होशील का, बरं. येरेमियाने लग्नाला तीनशे माणसं बोलवायची परवानगी मागितली, बरं. डॉक्टर म्हणाल्या, डोकं सुस्त असताना असं होतं, म्हणून मोठा निर्णय गोळी सुटल्यावरच घ्यावा. झग्यांचं काय करायचं ते मी बघते. उंटाला नाही म्हणून कळवलं आहे.

श्री. सेब्बोवा दोन-चारदा चौकशीला येऊन गेले. त्यांनी माझी कंबर ओळखली ती त्यांची स्वतःची तशीच होती म्हणून. तरुणपणी हीच गोळी घेऊन ते ट्रक चालवायला बसले आणि जाग आली तेव्हा लुगाझीच्या उसात होते, ट्रकसकट, चहूकडे ऊस. कोणाला खरचटलं नाही, पण सांगताना अजून त्यांचा आवाज उतरतो. गृहस्थ बरे आहेत.

आता गोळ्या बंद आहेत, कंबर वळते, फक्त सकाळी जरा विचार करून वळते. बाकी सर्व क्षेम. विशेष काही नाही. मुलांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, दम्याचं औषध चुकवू नये.

तुमची भाची,
लोसिरा

ता. क. : इथून पुढे धर्मशिक्षकांनी पत्र आत्यांच्या हातात द्यावं आणि कोंबड्यांना दाणे टाकून यावं.

आत्या, माझे यजमान जाऊन किती काळ लोटला ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या ‘बरं’च्या दिवसांत एका दुपारी श्री. सेब्बोवा ओसरीवर बसले होते. फणसाचं झाड नुकतंच लांब जाऊ लागलं होतं. ते म्हणाले, “लोसिराबाई, तुमच्या घरी बोलायला माणूस नाही, माझ्या घरी ऐकायला माणूस नाही. दोन्ही घरं एक केली तर?” आणि मी, चहात साखर चालेल का असं कोणी विचारल्यासारखी, ‘बरं’ म्हणाले. म्हणाले आणि झोपले.

संध्याकाळी जाग आल्यावर निरोप धाडला, की मी गोळीवर होते, तो होकार धरू नका. त्यांचं उत्तर आलं, की उसातून बाहेर यायला मलाही वेळ लागला होता, गोळ्या संपेपर्यंत थांबतो. मी डॉक्टरांनाही विचारून पाहिलं, की गोळीवर दिलेला होकार माणसाचा की गोळीचा? त्या म्हणाल्या, याचंही उत्तर कोणाकडे नाही, तुम्हीच शोधा.

म्हणून शोधलं. गोळ्या संपून बरेच दिवस गेल्यावर, सकाळी, काळा कडक चहा घेऊन मी उभी राहिले आणि त्यांना म्हटलं, आता विचारा. त्यांनी विचारलं. मांडवात एवढं बोलणारा माणूस, पण दोन शब्दांत अडखळला. माझी मान, खांदे, पोट, सगळं आवळलेलं होतं, हाताच्या मुठीसुद्धा. त्या आवळलेल्या अंगातून मी ‘हो’ म्हणाले.

ता. क. २ : तर पत्राचं खरं काम असं. मला आत्या हवी आहे. या वयात मुलीकडची आत्या म्हणून उभं राहायला तुमच्याखेरीज कोणी उरलेलं नाही. गुडघे टेकायला मी तुम्हाला लावणार नाही, खुर्ची आहे, तिच्यावर उशीही घालीन. पहिली बोट सुटेल तिने या. बंदरावर ते स्वतः घ्यायला येतील, सध्या त्यांच्या पोटात कसलीही गोळी नाही, मी विचारलं आहे.

येरेमियाला अजून सांगितलेलं नाही. तो तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, आणि त्याची खात्री आहे, की गेल्या महिन्यात मी जे जे कबूल केलं ते सगळं गोळीने केलं. तो म्हणेल, हिला गुंगीत असताना विचारलं. तुम्ही त्याला शांतपणे सांगा, की हो, विचारलं. पण दोनदा विचारलं, आणि दुसऱ्या वेळी ती पूर्ण शुद्धीत होती.